काचेच्या कपाटातली दुमची

मी दुमची बोलतेय. नाव ऐकून तुम्ही एकमेकांकडे पाहिलंत, ते दिसलं मला. खोगीर म्हटलं की लोकांना कळतं, लगाम म्हटलं की कळतं, रिकीब म्हटलं की निदान म्हातारी माणसं तरी माना हलवतात. दुमची म्हटलं की मात्र समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगायची वेळ आली की माझी वाचा बसते. तरी सांगते. खोगिराच्या मागच्या कडेला एक पट्टा जोडलेला असतो. तो घोड्याच्या पाठीवरून मागे जातो आणि त्याच्या टोकाला एक मोठा गुबगुबीत गोल फासा असतो. त्या फाशातून घोड्याची शेपटी ओवून घेतात. तो फासा म्हणजे मी. शेपटीखाली. हो, तिथेच.

आता हसून घ्या. मी थांबते.

माझा जन्म घोडदळाचं सामान शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. खोली लांबट होती आणि उजेडाला एकच खिडकी. तिच्याखाली तो बसायचा. दोन गुडघ्यांत लाकडी चिमटा, चिमट्यात चामडं, दोन्ही हातांत एकेक सुई. दुकानाला मेणाचा आणि चरबीचा वास होता. पाठीचं रुंद, जाड कातडं खोगिराला जायचं. लगामाला लांब, सरळ पट्ट्या जायच्या. मला मिळालं ते मऊ कातडं, आणि ते त्याने फार वेळ घेऊन निवडलं. माझ्या पोटात त्याने जवस भरले. घोड्याच्या अंगाच्या उबेने जवस थोडं थोडं तेल सोडतात आणि चामडं आतून मऊ राहतं.

"जागा नाजूक आहे," तो बायकोला म्हणाला. "इथे एक टाका टोचला तर घोडं लाथ मारणार, आणि ती लाथ माझ्या नावावर लागणार."

मग त्याने मला आपल्या गालावरून फिरवून पाहिलं. माझ्या आयुष्यात मला कुणी गालाला लावलं असेल तर ते त्याने, आणि तेही मी कोरी होते म्हणून. पुढे कुणी गळ्यातही घातलं, पण मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्याकडे येतेच.

घोडदळात माझी नेमणूक एका तपकिरी घोडीवर झाली. चांगली होती बिचारी, जरा गुदगुल्या होत असत तिला. सामानाच्या खोलीत आम्ही सगळे भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेले असायचो. खोगीर म्हणायचं, माझ्यावर माणूस बसतो. लगाम म्हणायचा, माझ्यामुळे घोडं वळतं. लोखंडी कडियाळ, जे घोड्याच्या तोंडात जातं, ते म्हणायचं की घोड्याच्या मनातलं पहिल्यांदा मला कळतं. मग सगळे माझ्याकडे वळायचे आणि म्हणायचे, "तुला काय पहिल्यांदा कळतं, तेही सांग ना!" यावर काय बोलणार? मी भिंतीकडे तोंड करून लटकायची.

आमचा स्वार भला माणूस होता, पण मला पुसताना तो आकाशाकडे बघायचा आणि शीळ वाजवायचा. खोगिराला मात्र मांडीवर घेऊन चोळायचा. मला त्याचा राग आला नाही. मीही माझ्याकडे पाहिलं नसतं.

मला कुणी विचारायचं ते फक्त उतारावर. सपाटीवर खोगीर आपल्याच तोऱ्यात असतं. पण घोडं उतरणीला लागलं की स्वाराच्या वजनासकट ते पुढे घसरू लागतं, घोड्याच्या मानेवर जायला बघतं. तेव्हा मागून धरून ठेवते ती मी. एकदा एका घळीत उतरताना माझ्यावर एवढा ताण आला की पट्ट्याचे टाके करकरले. खाली पोहोचल्यावर स्वाराने घोडीची मान थोपटली, खोगिरावर हात फिरवला आणि पाणी प्यायला. मला काही नाही. माणसांची रीतच आहे, जे पुढे असतं ते थोपटायचं.

मग मोटारी आल्या. आमचं घोडदळ मोडलं. घोड्या कुठे गेल्या, ते मला कुणी सांगितलं नाही. आमचा मात्र एकत्र ढीग करून लिलाव झाला आणि मी फिरत फिरत एका गोदामात पोहोचले. तिथे उंदरांनी माझा लांब पट्टा खाल्ला, चरबीच्या वासाने. फासा तेवढा उरला. जवस त्यांना आवडले नसावेत, किंवा पोट भरलं असावं.

तिथून मी आले गोडबोल्याच्या दुकानात. जुन्या वस्तूंचा हा व्यापारी. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे, आणि गोडबोल्या म्हटलेलं त्यालाही आवडायचं. त्याने बरेच दिवस मला एका खिळ्यावर किल्ल्या अडकवायला ठेवलं होतं. त्याची धंद्याची एक पद्धत होती. कुठल्याच वस्तूबद्दल तो स्वतः होऊन काही सांगायचा नाही. गिऱ्हाईकाने "हे काय आहे हो?" असं विचारलं की तो हसून म्हणायचा, "तुम्हीच ओळखा पाहू." मग गिऱ्हाईक डोकं चालवायचं, आणि जे त्याच्या डोक्यातून निघेल त्याला हा "वा!" म्हणायचा. म्हणजे खोटं बोललं ते गिऱ्हाईक, आणि विकलं याने.

अशातच एके दिवशी डॉक्टर आले. दातांचे डॉक्टर. घोडदळाच्या जुन्या सामानाचा संग्रह करायचं खूळ त्यांना नुकतंच लागलं होतं. त्यांनी किल्ल्या बाजूला केल्या आणि मला हातात घेतलं.

"हे काय असावं?"

"तुम्हीच ओळखा पाहू, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी मला उजेडात धरलं, फिरवलं, दाबून पाहिलं. "आत काहीतरी भरलंय. वार शोषून घ्यायला असेल. गोल आहे... गळ्यातलं आहे का हे? तलवारीचा घाव मानेवर बसू नये म्हणून?"

"वा!" गोडबोल्या म्हणाला. "वर्षानुवर्षं इथे पडलंय, पण अशी नजर नाही पाहिली कुणाची."

पुढच्या खेपेपर्यंत त्याने माझ्यावर पितळेची एक चकती शिवून टाकली. जुन्या कपाटाच्या मुठीमागची चकती ती. या वेळी आपली रीत मोडून स्वतःच म्हणाला, ही चकती याच्यासोबतच सापडली, साध्या स्वाराची नसणार, कुणा सेनापतीची असणार. त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं मला. पण वस्तूला तोंड नसतं, आणि माझ्या बाबतीत तर तोंड या शब्दाचाच संबंध नाही.

डॉक्टरांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना मूर्ख समजाल. ते मूर्ख नव्हते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तोंडात डोकावून काम केलं होतं, आणि हाताला एवढी सफाई की म्हणे रडत आलेली मुलं हसत जायची. मग हात थरथरू लागले. एकदा एका बाईच्या गालाला सुई लागली, फार नाही, पण लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद केला. त्यानंतर कित्येक महिने ते खिडकीशी बसून असायचे, दाढी वाढलेली, विचारलं तर हो की नाही एवढंच. हे मला बाईंकडून कळलं. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या, त्याही आता निवृत्त झाल्या होत्या.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यामुळे तिची खोली रिकामी होती. तिथे डॉक्टरांचा संग्रह वाढत होता. पलंगाच्या जागी लाकडी घोड्यांवर खोगिरं. पडद्याच्या दांडीला लगाम. खिडकीच्या कठड्यावर रिकिबी ओळीने. बाईंचं शिवणयंत्र त्यामुळे बोळात आलं होतं आणि येता-जाता सगळ्यांच्या गुडघ्याला लागायचं. दवाखान्यातली खुर्चीही तिथेच होती, वर गोल दिवा. डॉक्टर प्रत्येक वस्तू त्या खुर्चीवर झोपवून साफ करायचे.

मलाही झोपवलं. दिवा लावला. सवयीने म्हणाले, "घाबरू नका, दुखणार नाही." मग दात कोरायच्या अणकुचीदार हत्याराने त्यांनी माझ्या टाक्यांतली वर्षानुवर्षांची घाण एकेक कण काढली. ती घाण कसली, ते मला माहीत होतं. लाजेने मी पाणी पाणी झाले. ते मात्र पुटपुटत होते, "रणांगणावरची माती. केवढी रुतून बसलीय!"

साफसूफ झाल्यावर त्यांनी मला स्वतःच्या गळ्यात घातलं, बाहेरच्या आरशासमोर उभे राहिले आणि हाक मारली, "अगं, जरा ये इकडे. कसा दिसतो?"

बाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात पुसायचा थांबला. त्यांच्या मामांची घोडागाडी होती. शाळेच्या सुट्टीत त्या गाडीला घोडी जुंपायला मामांना मदत करायच्या. त्यांनी मला ओळखलं, अगदी पाहिल्याबरोबर.

ओठ घट्ट दाबून त्या म्हणाल्या, "छान."

आणि आत जाऊन त्यांनी नळ सोडला. पाण्याच्या आवाजात त्या हसल्या. मला ऐकू आलं, कारण मी तेवढ्याचीच वाट बघत होते. म्हटलं, आता बाहेर येतील, सांगतील, मी या बिचाऱ्याच्या गळ्यातून निघेन आणि सगळं मिटेल. पण हसणं थांबलं तरी नळ बराच वेळ चालू होता.

त्या आल्या नाहीत सांगायला. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

डॉक्टरांनी माझ्यासाठी प्लास्टरची मान बनवली. दातांचे साचे घ्यायची त्यांना सवय, त्यांनी स्वतःच्याच मानेचा साचा घेतला. त्या मानेवर मला बसवलं, भोवती काचेचं कपाट, वर छोटा दिवा, खाली पाटी: "सेनापतीचे कंठत्राण". ज्या खोगिराने जन्मभर मला टोमणे मारले त्याच्यासारखी खोगिरं आता खाली जमिनीवर आणि मी वर. सूड म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, नाही का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेपटीखाली होते तेव्हा लोक हसायचे, पण मी जी होते त्यालाच हसायचे. इथे जो तो हात जोडायचा तो भलत्याच कुणालातरी. पायीची वहाण पायीच बरी म्हणतात. मी तर वहाणेच्याही खालची, आणि बसले होते गळ्यात.

पाहुणे यायचे. डॉक्टर सगळ्यांना सेनापतीची गोष्ट सांगायचे. ती दर वेळी थोडी वाढायची. आधी फक्त सेनापती होता, मग त्याला घोडा मिळाला, मग दोन लढाया, आणि शेवटी तर मानेवर झेललेला एक वारही आला. खुणेसाठी ते माझ्या अंगावरचा एक चरा दाखवायचे. तो उंदराचा होता. एक शेजारीण काचेचं दार उघडून माझ्याजवळ नाक घेऊन आली आणि डोळे मिटून म्हणाली, "इतिहासाचा वास येतो हो याला!"

बाई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. कप एकमेकांवर वाजले.

धूळ पुसायला त्या एकट्या आल्या की माझ्याशी बोलायच्या. "मामांच्या घोडीलाही होती तुझ्यासारखी. मीच चढवायची." मग इकडेतिकडे बघून, "आयुष्यभर पोरांची चुकलेली गणितं लाल शाईने खोडली गं. हे एकच सोडलं. त्यांना बघितलंस ना? दाढी करतात आता रोज." आणि जाताना दरवेळी, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बोलू नकोस हं."

मी कसली बोलतेय! पण मला धास्ती वाटू लागली. मूठ झाकलेली असते तोवर ठीक. पण ज्याच्या डोळ्यांसमोर ती झाकली, त्याला एक दिवस कळलं तर?

तो दिवस आला. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं गावात एक मंडळ होतं. त्यांनी सभागृहात प्रदर्शन भरवलं आणि मधल्या टेबलाचा मान डॉक्टरांच्या कंठत्राणाला, म्हणजे मला दिला. प्रमुख पाहुणे म्हणून घोडदळातले एक निवृत्त मेजर येणार होते. प्रत्यक्ष घोड्यावर नोकरी केलेला माणूस. आता गावाबाहेर रपेट शिकवायची त्यांची एक छोटी शाळा होती. डॉक्टर आनंदाने वेडे झाले होते. सकाळी कोट घालता घालता त्यांनी बेत सांगितला. मंचावर, सगळ्यांसमोर, ते मला मेजरांच्या गळ्यात घालणार होते.

बाई घाईने म्हणाल्या, "गळ्यात नको. नुसतं दाखवा."

"का?"

"जुनं चामडं आहे. तुटलं-बिटलं तर?"

"अगं, एकेक टाका मी स्वतः तपासलाय."

तेव्हा सांगायचं होतं. दोघंच होते घरात. बाईंनी तोंड उघडलंही होतं. पण डॉक्टर टाय बांधत होते, थरथरत्या हातांनी, तरी गाणं गुणगुणत, आणि बाईंनी तोंड मिटलं. मी प्लास्टरच्या मानेसकट पेटीत गेले. माणसं प्रेमापोटी जेवढ्या चुका करतात तेवढ्या रागाच्या भरातही करत नसतील.

सभागृहात मेजर माझ्यासमोर आले. वाळके, काठी टेकत, पाय अजूनही घोड्याच्या पोटाएवढे फाकलेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे पाहिलं. ज्याने उभ्या आयुष्यात रोज सकाळी शेपट्या उचलल्या तो मला ओळखणार नाही? मग त्यांनी पाटी वाचली. मग डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांच्या नव्या टायकडे, आणि सर्वांत शेवटी त्यांच्या हातांकडे.

"फार जपलंय तुम्ही," मेजर म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

वाटलं, हेही झाकणार. एकीने झाकलं, आता दुसऱ्याने झाकलं. दोघंही भली माणसं, आणि दोघांच्या मध्ये उभा तो एकच माणूस अंधारात.

भाषण झालं. सेनापतीने या खेपेला तीन लढाया केल्या. मग डॉक्टरांनी मला प्लास्टरच्या मानेवरून उचललं आणि दोन्ही हातांनी धरून मेजरांसमोर आले. हात इतके थरथरत होते की पितळेची चकती त्यांच्या अंगठीवर टकटक वाजत होती. मेजर उठले. काठी खुर्चीला टेकवली. टोपी काढली, डोळे मिटले आणि मान वाकवली.

त्या पिकल्या केसांची मान माझ्यासमोर खाली आलेली पाहून धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. घळीतल्या ताणाला मी तुटले नाही, उंदरांनी खाल्लं तेव्हा हूं केलं नाही. तेव्हा मात्र मनात आलं, हे टाके आत्ता, या क्षणी उसवावेत आणि माझे जवस सगळ्या मंचावर सांडावेत. पण कारागिराचं काम पक्कं होतं. मी तशीच पुढे पुढे जात राहिले.

पहिल्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्यांनी मेजरांचे मिटलेले डोळे पाहिले. ज्याला काही माहीत नाही तो माणूस असे डोळे मिटत नाही, हे त्यांना उमगलं असावं. त्या उठल्या आणि बाजूच्या पायऱ्यांवरून थेट मंचावर आल्या.

"अहो, थांबा."

डॉक्टर थांबले. बाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं. पण कानाच्या शेजारीच ध्वनिक्षेपक होता.

"ते गळ्यातलं नाहीये. घोड्याच्या शेपटीखालचं आहे."

सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ते स्वच्छ ऐकू गेलं. मग मागून एक हसू फुटलं, आणि एक फुटलं की बाकीच्यांना वाट मोकळी होते. माणसं खुर्च्यांवर वाकून हसत होती. इतिहासाचा वास घेणारी शेजारीण रुमालाने नाक पुसत होती.

डॉक्टर हसणाऱ्यांकडे पाहतच नव्हते. त्यांनी मेजरांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो. पाहिल्याबरोबर."

"मग मान का वाकवलीत?"

मेजर ओशाळले. "तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, डॉक्टर. नाही म्हणवलं नाही."

डॉक्टरांनी हळूहळू मान वळवून बाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावरही नवल नव्हतं. फक्त भीती होती. आणि डॉक्टरांना कळलं. जन्मभर लोकांच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखणारा माणूस तो. मला वाटलं, आता मला भिरकावतील. त्यांनी खिशातून रुमाल काढला, मला त्यात नीट गुंडाळलं, ध्वनिक्षेपकावर "माफ करा, चूक माझी" एवढं म्हटलं आणि ते खाली उतरले.

घरी आल्यावर कोट न काढता ते खुर्चीवर बसले.

"केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," बाई म्हणाल्या.

"मी आरशासमोर उभा होतो तेव्हा?"

"हो."

"आणि तू छान म्हणालीस."

"हो."

"आत जाऊन हसलीस?"

बाईंनी मान खाली घातली. "हसले. आणि मग रडले. किती महिन्यांनी तुम्ही स्वतःहून आरशात पाहिलं होतंत. त्या वेळी काय सांगायचं होतं मी?"

"खरं सांगायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "आज सगळं सभागृह हसलं, त्याचं मला एवढं नाही वाटलं. पण इतके दिवस या घरात मी एकटाच होतो, हे मला माहीत नव्हतं."

मी रुमालात होते. मला वाटलं, या दोघांच्या मध्ये मी येऊन पडले आहे, आणि आजवर पडले त्या सगळ्या जागांमध्ये ही सर्वांत घाण.

त्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टर फक्त सभ्य झाले. बाई जेवताना विचारायच्या, "मीठ बरोबर आहे ना?" डॉक्टर म्हणायचे, "छान." नवीन चादर? छान. चहा? छान. एक दिवस बाईंनी मुद्दाम भाजीत मीठ घातलंच नाही. डॉक्टरांनी सगळी खाल्ली आणि म्हणाले, "छान झालीय." बाई ताट उचलून आत गेल्या. या खेपेला नळ सोडला नाही.

संग्रहाच्या खोलीचं दार बंद झालं. खोगिरांवर धूळ बसली. काचेच्या कपाटातली मान मोकळी, आणि मी खाली एका खोक्यात.

मग मेजरांचा फोन आला. आला तो एकदा नव्हे, अनेकदा. डॉक्टर घ्यायचे नाहीत. शेवटी बाईंनी घेतला आणि काही न बोलता डॉक्टरांच्या कानाला लावला. पलीकडून म्हातारा ओरडत होता, "डॉक्टर, वस्तू तुमची आहे, पण घोडी माझी आहे! म्हातारी झालीय ती, उतारावर खोगीर माझ्यासकट तिच्या मानेवर येतं. तुमच्या दुमचीला नवा पट्टा जोडून देतो. मला गळ्यात नको, पण जिथे हवी तिथे हवीय. आणा तिला!"

डॉक्टर म्हणाले, "येतो." फोन ठेवल्यावर बाईंकडे न पाहता पुढे म्हणाले, "तू चल. मला घोड्यांची भीती वाटते."

हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घर भरून घोड्यांचं सामान, आणि मालक घोड्याला भितो! पण हसायला मी कोण?

त्यांनी मला न्यायच्या आधी पितळेची चकती काढून टाकली. मेजरांच्या चांभाराने पट्टा जोडला. मग तबेल्याच्या अंगणात ती म्हातारी करडी घोडी उभी होती, डोळे अर्धवट मिटून. मेजर तिच्या पोटाखालचा तंग आवळत होते.

"चढवा, डॉक्टर," ते पलीकडून म्हणाले. "शेपटी उचला, दुमडा आणि ओवा. ती काही करत नाही. सहसा."

डॉक्टरांनी शेपटी धरली, सोडली, पुन्हा धरली. रपेट शिकणारी दोन माणसं कुंपणाशी उभी राहून बघत होती. मला माहीत होतं, ती हसणार. आणि मला जिथे लावायचं ती जागा सर्वांसमोर, भर उजेडात, डॉक्टरांच्या चेहऱ्यापासून हातभरावर होती. त्यांनी शीळ वाजवली नाही की आकाशाकडे पाहिलं नाही. दात बसवावा तसं लक्ष देऊन त्यांनी मला शेपटीखाली बसवलं.

मग ते थोडे मागे सरले. मेजर घोडीच्या पलीकडे होते, त्यांना दिसत नव्हतं. विचारायला बाईच होत्या.

डॉक्टर थोडे घुटमळले. मग म्हणाले, "बसली का नीट?"

बाई पुढे आल्या. वाकून पाहिलं. मला धडकी भरली. मी त्या घरात तो एक शब्द इतक्यांदा ऐकला होता की तो आता त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला असता, तर मी कुठल्या उतारावर कुणाला धरून ठेवणार होते?

"नाही," बाई म्हणाल्या. आवाज थेट वर्गातला. "चुकलंय. खालचे केस आत अडकलेत. घोडीला चिमटा बसेल आणि ती तुम्हाला लाथ घालेल. काढा आधी ते."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी अडकलेले केस बोटांनी एकेक करून सोडवले. घोडीने शेपटी एकदा हलवली आणि सैल सोडली.

"आता?"

"आता बरोबर."

ते पुन्हा वाकून तपासतील, असं मला वाटलं. टाका न टाका पाहणारा माणूस! पण ते वाकले नाहीत. त्यांनी हात कोटाला पुसले आणि मेजरांना म्हणाले, "झालं. न्या घोडी."

मी आता इथेच असते, त्या म्हाताऱ्या करड्या घोडीच्या शेपटीखाली. लाज गेली का म्हणाल, तर नाही गेली. काचेच्या कपाटातले ते दिवस आठवले की अजूनही आत जवस कोरडे पडतात. पण तुमच्या घरात कुणी भलतीच वस्तू गळ्यात घालून आरशासमोर उभं असेल आणि तुम्हाला ती ओळखता येत असेल, तर हसा हवं तेवढं, पण त्याच्यासमोर हसा, आणि दोघंच असताना सांगा. माझी एवढीच विनंती. आता निघते मी. मेजर रिकिबीत पाय घालतायत, आणि डॉक्टर बाईंना विचारतायत की घोडीच्या किती जवळ उभं राहिलेलं चालतं.